‘लवकर लग्न उरका’ हा एंडोमेट्रिओसिसवरचा उपचार नव्हे

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही इचलकरंजीचे. माझी धाकटी मुलगी बावीस वर्षांची आहे आणि पुण्यात हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकते. तेराव्या वर्षी पाळी सुरू झाली तेव्हापासून तिच्या पोटात दुखते. आधी एक दिवस दुखायचे, आता पाळीच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचे तीन दिवस तिला उठवत नाही. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती पंचात गुंडाळून पोटाशी धरून पडून राहते. शेकून शेकून तिच्या ओटीपोटावर काळसर जाळी उमटली आहे. गेल्या सत्रात परीक्षेच्या वर्गातच तिला चक्कर आली. त्यानंतरच्या सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात चार सेंटिमीटरची ‘चॉकलेट सिस्ट’ निघाली. इथले डॉक्टर म्हणाले, हा एंडोमेट्रिओसिस आहे, लवकर लग्न उरकून टाका, एक मूल झाले की आपोआप बरे होईल. दुसऱ्या डॉक्टरांनी लगेच दुर्बिणीचे ऑपरेशन सांगितले. स्थळे पाहणे चालू आहे. मलाही असाच त्रास होता आणि अडतिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली. हे माझ्याकडून तिच्यात गेले का? ‘पाळीत सगळ्यांनाच दुखते’ असे मी तिला इतकी वर्षे सांगत आले, त्याचे आता फार वाईट वाटते. हार्मोनच्या गोळ्यांची भीती वाटते. माझी भाची म्हणते की आता थुंकीवरून तपासणी होते आणि अँटिबायोटिकने हा आजार जातो. यात खरे किती? स्थळाकडच्यांना सांगावे का? पुढच्या महिन्यात तिची तोंडी परीक्षा नेमकी पाळीच्या दिवसांत येते आहे. — एक आई

उत्तर : ताई, स्थळे पाहणे सुरू आहे म्हणून त्याच गोष्टीपासून सुरुवात करते. लग्न किंवा बाळंतपण हा एंडोमेट्रिओसिसवरचा उपचार नाही. मानवी प्रजननशास्त्रात काम करणाऱ्या ‘एश्रे’ या युरोपीय संस्थेने २०२२ मध्ये या आजाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. केवळ हा आजार बरा व्हावा म्हणून कोणत्याही स्त्रीला गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. गरोदरपणात पाळी थांबते, त्यामुळे काहींचे दुखणे तेवढ्या काळापुरते उतरते, काहींचे तेवढेही उतरत नाही, आणि पाळी परत सुरू झाली की पुष्कळ जणींचे दुखणेही परत येते. तुम्हाला हा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मी शिकत होते तेव्हा आम्हालाही हेच शिकवले गेले आणि मीही काही मुलींच्या आयांना हेच सांगितले. त्यांतली एक मुलगी तीन वर्षांनी कडेवर बाळ आणि पोटात तेच दुखणे घेऊन परत आली. तेव्हापासून हे वाक्य मी कोणालाही सांगितलेले नाही.

आता आजार म्हणजे नेमके काय ते सांगते. गर्भाशयाच्या आतले अस्तर दर महिन्याला जाड होते आणि गर्भ राहिला नाही की पाळीच्या रक्ताबरोबर गळून पडते. त्या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर, गर्भाशयाच्या मागच्या खळगीत, आतड्यावर किंवा मूत्राशयावर रुजल्या, तर त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. हार्मोनच्या चढउताराबरोबर या पेशीही वाढतात आणि त्यांतूनही रक्त येते, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग तिथे दाह होतो, वण धरतात आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना, म्हणजे पाळी येण्याच्या वयातील साधारण दर दहांतल्या एकीला, हा आजार आहे. तुमच्या लेकीच्या हॉस्टेलमध्ये एका मजल्यावर चाळीस मुली राहत असतील, तर त्या मजल्यावर ती एकटीच असण्याची शक्यता कमी आहे.

अंडाशयात असे रक्त साठून जुने झाले की ते दाट आणि काळपट तपकिरी होते, वितळलेल्या चॉकलेटसारखे. गाठीला ते नाव पडले ते यावरून. अमेरिकेतल्या ऑल्बनी गावचे स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये या गाठींचे बारकाईने वर्णन केले आणि १९२७ मध्ये त्यांच्या कारणाविषयी आपला विचार मांडला. पाळीचे थोडे रक्त बीजनलिकांतून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात, असे त्यांचे म्हणणे होते. सिझेरियनच्या वणात कधीकधी अशाच पेशी रुजतात आणि दर पाळीला तिथे दुखरी गाठ सुजते, हे पाहिले की त्या विचारात तथ्य आहे हे पटते. पण पुढे असे दिसले की बीजनलिका खुल्या असलेल्या सुमारे नव्वद टक्के स्त्रियांच्या पोटात पाळीच्या दिवसांत असे रक्त उतरते, आणि आजार मात्र दहांतल्या एकीलाच होतो. जन्मतःच गर्भाशय नसलेल्या काही स्त्रियांमध्ये, फार क्वचित तर पुरुषांमध्येही, हा आजार आढळला आहे. म्हणजे बी सर्वत्र पडते, पण रुजते काही ठिकाणीच, आणि कुठे कुठे तर बी कोठून आले तेच कळत नाही. ज्या जमिनीत ते रुजते त्या जमिनीत वेगळे काय आहे, याचा शोध गेली कित्येक दशके चालला आहे.

त्या शोधातून जे हाती लागले आहे त्याने डॉक्टरांची दृष्टी पुष्कळ बदलली. ‘भलत्या जागी वाढलेले अस्तर’ एवढेच या आजाराचे वर्णन आता पुरेसे मानले जात नाही. हा सगळ्या शरीरावर परिणाम करणारा, दीर्घकाळ चालणारा दाहाचा आजार आहे. या पेशी इस्ट्रोजेन हे हार्मोन स्वतःच तयार करतात, त्यांना आवर घालणाऱ्या प्रोजेस्टेरॉनला त्या नीट दाद देत नाहीत, आणि त्यांच्याभोवती नव्या नसा वाढतात. वर्षानुवर्षे वेदनेचे संदेश जात राहिले की मज्जारज्जू आणि मेंदूही जास्त संवेदनशील होतात आणि मग पाळी नसतानाही दुखू लागते. म्हणूनच आजार किती पसरला आहे आणि दुखते किती, यांचा मेळ बसत नाही. पहिल्या पायरीचा आजार असलेली मुलगी गडाबडा लोळते आणि चौथ्या पायरीचा आजार असलेल्या एखादीला तो मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीत कळतो. ‘चारच सेंटिमीटरची तर गाठ आहे, इतके कसे दुखेल?’ असे कोणी म्हटले, तर तो प्रश्नच चुकीचा आहे हे लक्षात ठेवा.

तुम्ही लिहिलेली ती काळसर जाळी मी ओपीडीत अनेकदा पाहिली आहे. भाजण्याइतकी नव्हे पण सततची ऊब लागत राहिली की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या रेषांवरून असा रंग उतरतो. थंडीच्या दिवसांत शेगडीशी तासन्‌तास बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या नडग्यांवर पूर्वी ती दिसत असे. शेक कमी झाला की ती बहुधा सावकाश फिकी होते. बाटलीचा कढ थोडा उतरू द्यावा आणि पंचाची आणखी एक घडी मध्ये घ्यावी, इतकेच आत्ता करा. शेक बंद करू नका, कारण त्याने तिला खरोखर आराम पडतो. मात्र तिला तपासणाऱ्या कोणत्याही डॉक्टरांना ती जाळी मुद्दाम दाखवा. माझ्या लेखी ती सोनोग्राफीच्या कागदाइतकीच महत्त्वाची आहे, कारण नऊ वर्षे कोणतीही मुलगी उगाच आपली कातडी शेकत बसत नाही.

‘माझ्याकडून गेले का?’ हे तुम्ही जिथे विचारले आहे, तिथे पत्रातले अक्षर बदललेले दिसते. खरे ते सांगते. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा आहे. ऑस्ट्रेलिया आणि स्कँडिनेव्हियातील जुळ्या बहिणींच्या अभ्यासांवरून असे दिसते की हा आजार कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, यातला साधारण निम्मा फरक जनुकांमुळे पडतो. याचा अर्थ आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता पन्नास टक्के, असा नाही. आई किंवा बहिणीला आजार असलेल्या मुलींत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो, पण अशा बहुतेक मुलींना तो होतच नाही. ऑक्सफर्डच्या पुढाकाराने झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात आजार असलेल्या साठ हजारांहून अधिक स्त्रियांची आणि आजार नसलेल्या सुमारे सात लाख जणींची जनुकीय माहिती ताडून पाहिली गेली आणि आजाराशी जोडलेल्या ४२ जागा सापडल्या. यांतली प्रत्येक जागा धोका इवलासा वाढवते. एकच कोणते तरी ‘वाईट’ जनुक तुम्ही लेकीला दिले, असे काही नसते. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी वाटते की त्यांतल्या अनेक जागांचा संबंध वेदना जाणवण्याच्या यंत्रणेशी आहे आणि अर्धशिशी व पाठदुखी यांच्याशीही त्यांचे नाते दिसते. ज्या मुलीला पाळीतही दुखते, डोकेही दुखते आणि कंबरही धरते, तिला ‘हिचे रोज काहीतरी नवीनच असते’ म्हणणाऱ्यांना हे कोणीतरी वाचून दाखवायला हवे.

त्या अभ्यासातल्या स्त्रिया मुख्यतः युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. आपल्याकडच्या स्त्रियांत चित्र कसे आहे, हे आपणच तपासायला हवे, आणि ते काम मुंबईत परळला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत सुरू झाले आहे. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या रुग्णालयांना जोडून ही संस्था भारतीय स्त्रियांमधला एंडोमेट्रिओसिस, त्याची लक्षणे आणि त्यातला जनुकांचा वाटा यांचा अभ्यास करते आहे. माहिती गोळा करताना जगभर वापरल्या जाणाऱ्या एकसारख्या प्रश्नावल्या वापरल्या जातात, म्हणजे इथल्या बाईची माहिती इतर देशांतल्या बाईच्या माहितीशी ताडता येते.

तुमच्याकडून मला एक काम हवे आहे. तुमची पिशवी काढली तेव्हा ती तपासायला पाठवली गेली असेल, तर त्याचा बायॉप्सी रिपोर्ट घरात कुठेतरी असेल. तो शोधा. त्यावर ‘एंडोमेट्रिओसिस’ किंवा ‘ॲडिनोमायोसिस’ असा शब्द आहे का ते पाहा. ॲडिनोमायोसिसमध्ये ह्याच प्रकारच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूत घुसतात आणि पाळीत अतोनात दुखते. तुमच्या लेकीच्या डॉक्टरांना त्या एका शब्दाचा उपयोग होईल. तुम्हालाही कळेल की अडतीस वर्षांपर्यंत तुम्ही जे सोसले त्याला नाव होते.

तुम्ही तिला जे सांगत आलात, ते तुम्हाला तुमच्या आईने सांगितले होते. आपल्याकडे पाळीचेच नाव घेत नसत. ‘कावळा शिवला’ म्हणायचे आणि कोपऱ्यात बसायचे, मग दुखण्याचे वर्णन कोण कोणाजवळ करणार होते? हे केवळ आपल्याकडचेच नाही. पहिल्या लक्षणापासून निदान होईपर्यंत अनेक देशांत सरासरी चार ते बारा वर्षे जातात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आणि फ्रान्सने २०२२ मध्ये या एका आजारासाठी राष्ट्रीय पातळीवर आराखडे आखले, ते हीच वर्षे कमी व्हावीत म्हणून. तुमच्या लेकीची नऊ वर्षे या हिशेबात चपखल बसतात, आणि मला चीड येते ती याचीच. साधे दुखणे कोणते आणि हे कोणते, याची खूण तुमच्या भाच्यांना, पुतण्यांना सांगून ठेवा. एखादी गोळी घेतली, थोडे शेकले आणि मुलगी शाळेत, कामाला जाऊ शकली, तर ते साधे. दर महिन्याला शाळा बुडत असेल, गोळीने भागत नसेल, किंवा दुखण्याचे दिवस वर्षागणिक वाढत असतील, तर डॉक्टरांकडे जायचे.

तपासणीबद्दल आता लिहिते. पूर्वी दुर्बिणीने पोटात पाहून, तुकडा तपासल्याशिवाय या आजाराचे निदान पक्के मानत नसत. आता ती अट राहिलेली नाही. लक्षणे नीट ऐकून आणि जाणकाराने केलेल्या सोनोग्राफी किंवा एमआरआयवरून निदान करता येते आणि औषध सुरू करता येते. मात्र सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही, असे होत नाही, कारण आवरणावरचे बारीक ठिपके तिच्यात दिसत नाहीत. तुमच्या लेकीची गाठ दिसलेली आहे. प्रश्न आहे तो गर्भाशयाच्या मागे आणि आतड्याजवळ काही आहे का, हा. लग्न न झालेल्या मुलींची योनीमार्गातून सोनोग्राफी आपल्याकडे सहसा करत नाहीत, म्हणून एमआरआय करून घेणे बरे, असे माझे मत आहे. तिला काही प्रश्न एकांतात विचारा, कारण मुली हे आपणहून सांगत नाहीत: पाळीत शौचाला बसताना कळ येते का, लघवी करताना दुखते का, पाळीच्या दिवसांत उजव्या खांद्यात दुखते का. शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्यावर आजार असेल तर ती कळ खांद्यात उमटते. सीए-१२५ ही रक्ताची तपासणी कोणी केली आणि आकडा वाढलेला आला तर घाबरून जाऊ नका. या आजारात तो वाढतो, साध्या पाळीतही वाढू शकतो, आणि ओटीपोटातल्या क्षयरोगातही वाढतो. आपल्या देशात क्षयरोगाची शक्यता डॉक्टरांनी मनात ठेवलीच पाहिजे, तेव्हा घरात कोणाला टीबी झाला असेल तर तेही सांगा.

ऑपरेशनची घाई करू नका. चॉकलेट सिस्टचे आवरण सोलून काढताना त्याला चिकटलेले चांगले अंडाशयही थोडे निघून येते, आणि स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो, तो नव्याने भरत नाही. नुसती सुईने गाठ रिकामी केली, तर ती बहुधा पुन्हा भरते. बावीस वर्षांच्या मुलीला चार सेंटिमीटरची, नमुनेदार दिसणारी गाठ असेल आणि औषधाने दुखणे आटोक्यात येत असेल, तर मी आधी औषध देते आणि काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करते. औषधाने गुण आला नाही, गाठ वाढत गेली, तिचे रूप शंकास्पद वाटले, किंवा आतडे वा मूत्रवाहिनी आवळली जात असेल, तर ऑपरेशन करावेच लागते. तेव्हा ते या आजाराची शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनकडून, एकदाच आणि पुरेपूर व्हावे. त्याआधी एएमएच ही स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी करून घ्यावी आणि ‘ऑपरेशननंतर गोळ्या किती काळ?’ हे आधीच विचारावे, कारण त्यानंतर हार्मोनचे उपचार चालू ठेवले तर गाठ परत होण्याचे प्रमाण कमी होते. एक गोष्ट मात्र थांबू देत नाही: अचानक असह्य कळ, उलट्या, घाम किंवा ताप आला तर रात्र असली तरी दवाखान्यात न्यायचे. गाठीला पीळ पडला किंवा ती फुटली, तर असे होते.

गोळ्यांच्या भीतीबद्दल आया माझ्यासमोर जे बोलतात, ते तुम्ही लिहिलेले नसले तरी मनात असेल म्हणून सांगते. ‘पाळी थांबली की घाण रक्त आत साठते’ हा समज चुकीचा आहे. पाळीचे रक्त घाण नसते आणि या गोळ्यांनी अस्तरच पातळ राहते, त्यामुळे साठायला काही तयारच होत नाही. ‘गोळ्यांनी पुढे मूल होत नाही’ हेही खरे नाही; गोळी बंद केली की बीज सुटणे पुन्हा सुरू होते. आपल्याकडे सध्या सर्वांत जास्त दिले जाणारे औषध म्हणजे डायनोजेस्ट, रोज दोन मिलिग्रॅमची एक गोळी. तिने दुखणे उतरते आणि पुष्कळदा गाठही लहान होते. पहिले काही महिने मधूनमधून थोडे रक्त जाते, काहींचे डोके दुखते, काहींचे मन खिन्न होते. खिन्नता वाटली तर ती सोसत बसू नये, डॉक्टरांना सांगावे, औषध बदलता येते. दुसरा पर्याय इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध) एकत्र असलेल्या गोळ्यांचा; पण डोळ्यांपुढे चमकून नंतर उठणारी अर्धशिशी असेल किंवा घरात कोणाच्या रक्तात गुठळ्या झाल्या असतील, तर त्या तिच्यासाठी नाहीत. इलॅगोलिक्स हे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये आणि रेलुगोलिक्सचे मिश्रण २०२२ मध्ये या आजाराच्या वेदनेसाठी मंजूर झाले. ती नवी आणि प्रभावी औषधे आहेत, पण इस्ट्रोजेन खाली आणत असल्याने हाडांवर लक्ष ठेवावे लागते. तिच्या वयात मी त्यांच्यापासून सुरुवात करणार नाही. हा आजार समूळ जात नाही, तो दाबून ठेवावा लागतो, आणि म्हणून गोळ्या दोन महिने घेऊन ‘बरे वाटले’ म्हणून सोडू नयेत. गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्याचे औषधही कोणी सुचवेल. दुर्बिणीत काहीच न सापडलेल्या, दीर्घकाळ ओटीपोट दुखणाऱ्या ३०६ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये आला, आणि त्यात हे औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

मूल होण्याची काळजी तुमच्या पत्राच्या ओळीओळीत आहे, म्हणून सरळ लिहिते. या आजारात गर्भधारणेला अडचण येण्याचे प्रमाण जास्त असते, हे खरे. पण पुष्कळ जणींना नैसर्गिकरीत्या मूल होते आणि ज्यांना होत नाही त्यांच्यासाठी उपचार आहेत. आजार आत्ता दाबून ठेवणे आणि अंडाशयावर गरज नसताना सुरी न चालवणे, हीच तिच्या पुढच्या मुलांसाठीची तरतूद आहे. एएमएच वयाच्या मानाने फार कमी आला तर स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याविषयी बोलता येईल.

भाचीच्या बातम्या खोट्या नाहीत, अर्धवट आहेत. थुंकीतल्या १०९ सूक्ष्म आरएनए रेणूंवरून निदान करणारी तपासणी फ्रान्समध्ये विकसित झाली आहे. निदानाला लागणारी वर्षे तिने कमी होतील अशी मलाही आशा आहे, पण तुमच्या लेकीची गाठ सोनोग्राफीत दिसलीच आहे, तिला त्या तपासणीची गरज नाही. अँटिबायोटिकची बातमी जपानच्या नागोया विद्यापीठातल्या २०२३ च्या संशोधनाची असावी. तिथे एंडोमेट्रिओसिस असलेल्या ६४ टक्के स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्यूजोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू सापडला, आजार नसलेल्यांत तो दहा टक्क्यांहूनही कमी जणींत होता, आणि अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांत भलत्या जागी रुजलेल्या पेशींचे ठिपके कमी झाले. उंदरांत झाले म्हणून माणसांत होईल असे नाही. हे वाचून दुकानातून गोळ्या आणून देऊ नका.

स्थळांविषयी माझे मत असे आहे की हा आजार तिचा आहे, तेव्हा तो कोणाला, केव्हा आणि किती सांगायचा हे तिने ठरवावे. पहिल्या चहापोह्यांच्या वेळी सांगण्याची काही गरज नाही. पण मुलगा पसंत पडून बोलणी पुढे गेली की तिने स्वतः त्याच्याशी बोलावे, आणि दर महिन्याचे ते दिवस कसे असतात हेही सांगावे, कारण ज्या घरात जायचे तिथे त्या दिवसांत तिला पडून राहता आले पाहिजे. लपवून लग्न केले आणि नंतर कळले, तर त्याचा सगळा जाच तिला एकटीलाच होईल. त्याहून आधी, तिला आत्ता लग्न करायचे आहे का, हे तिला विचारले गेले आहे का? तुमच्या पत्रात ते कुठे दिसले नाही.

आता पुढच्या महिन्याच्या परीक्षेचे. वेदनाशामक गोळी दुखणे टिपेला गेल्यावर घेतली की तिचा उपयोग निम्मादेखील होत नाही, कारण गर्भाशय आवळणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये तोपर्यंत तयार होऊन गेलेली असतात आणि गोळीचे काम असते ती तयार होण्याआधी अडवण्याचे. म्हणून तिच्या नेहमीच्या खुणा जाणवू लागल्या की लगेच, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत, काहीतरी खाऊन, घड्याळ लावून दोन-तीन दिवस गोळ्या घ्याव्यात. तिला दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते आधी सांगावे. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी ती घेत असेल, तर भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस त्याबाबत एक इशारा दिला आहे हे लक्षात असू द्या. क्वचित एखादीला ती सुरू केल्यावर काही आठवड्यांनी ताप, अंगावर पुरळ आणि लसिकाग्रंथींना (मान, काख इथल्या गाठींना) सूज अशी प्रतिक्रिया येते. तसे झाले तर गोळी तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जायचे. विभागप्रमुखांच्या नावाने डॉक्टरांचे पत्र आताच घेऊन ठेवा, म्हणजे गरज पडली तर तोंडी परीक्षेचा दिवस बदलून मागता येईल. आजपासून तिने एका वहीत रोज एक ओळ लिहावी: तारीख, दहापैकी किती दुखले, कोणती गोळी किती वाजता घेतली, काय बुडाले. दोन महिन्यांची अशी वही समोर आली तर मला तासभर प्रश्न विचारून जे कळत नाही ते पाच मिनिटांत कळते.

पुण्यातल्या तज्ज्ञांची वेळ तिलाच घेऊ द्या, तुम्ही सोबत जा, आणि तपासणीच्या वेळी थोडा वेळ तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या. फाईलमध्ये सोनोग्राफीचे फोटो, गोळ्यांची नावे आणि ती वही असू द्या. तुमच्या पिशवीचा तो जुना रिपोर्ट सापडला, तर तो सगळ्यांत वर ठेवा.